घरचं ताट संतुलित आहे की नाही, हे मोजून कसं ठरवायचं?

गवतफुल

"संतुलित आहार घ्या" हे सगळेच सांगतात, पण संतुलित म्हणजे किती ग्रॅम काय, हे विचारलं की उत्तर "सगळं थोडं थोडं खा" यावर येऊन थांबतं. सगळं थोडं थोडं खाऊनही रक्तात लोह कमी निघणारी, हाडं ठिसूळ झालेली किंवा वजन वाढत चाललेली माणसं असतातच. म्हणजे कुठेतरी माप चुकतं.

चर्चेसाठी एक उदाहरण धरू. स्त्री, वय ४०, उंची १६० सेंमी, वजन ६० किलो, बैठं काम, आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा तास चालणं. शाकाहारी, दूध-दही चालतं, अंडी नाहीत. आजार नाही, औषधं नाहीत.

हिच्यासाठी दिवसाचा हिशेब कसा मांडायचा? प्रथिनं, तेल, साखर, मीठ, चोथा (फायबर) यांचे आकडे कुठून काढायचे आणि ते घरच्या वाट्या-चमच्यांत कसे बसवायचे? शिवाय हिशेब जुळला तरी काय राहून जाऊ शकतं, तेही हवं आहे.

मोजपट्टी

आधी ऊर्जेचा अंदाज काढा, कारण तेल आणि साखरेचे आकडे त्यावरून निघतात. १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र आजही सर्रास वापरतात. किलोमधलं वजन गुणिले १०, अधिक सेंटीमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. स्त्री असेल तर त्यातून आणखी १६१ वजा करायचे, पुरुष असेल तर ५ मिळवायचे. तुमच्या उदाहरणात ६०० + १००० − २०० − १६१ = १२३९ किलोकॅलरी. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीर एवढं जाळतं. बैठं काम आणि थोडं चालणं धरून १.५ ने गुणा, म्हणजे साधारण १८६०.

हा अंदाज आहे, शंभर-दोनशेचा फरक सहज पडतो. खरा पुरावा वजनकाट्यावर मिळतो. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि चार आठवड्यांचा कल बघा. एका दिवसात वर-खाली झालेला एखादा किलो बहुतेक पाण्याचा असतो, त्यावरून जेवण बदलू नका.

प्रथिनांचा आकडा वजनावरून काढायचा. निरोगी प्रौढासाठी जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित पातळी किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे इथे ५० ग्रॅम. आहारात बहुतांश प्रथिनं डाळी-धान्यांतून येत असतील तर ती दूध-अंड्यांतल्यापेक्षा थोडी कमी पचतात, म्हणून ६० ग्रॅम धरून चला. पासष्टीच्या पुढे तर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम असा सल्ला देतात, कारण त्या वयात स्नायू झपाट्याने झिजतात. नेमक्या त्याच वयात "आता हलकं खायचं" म्हणून डाळ आणि दूध कमी केलं जातं, हे मला फार खटकतं.

आता सगळ्यात मोठी चूक. तक्त्यात मसुरीपुढे "१०० ग्रॅममागे २४ ग्रॅम प्रथिनं" लिहिलेलं असतं. तो आकडा कोरड्या डाळीचा आहे. शिजताना डाळ पाणी पिऊन अडीच पटींच्या आसपास जाते, म्हणून शिजलेल्या घट्ट डाळीत १०० ग्रॅममागे साधारण ९ ग्रॅमच उरतात. वरून पाणी घालून पातळ केली की तेही निम्म्यावर येतात. ताजी वाढलेली वाटी पाच मिनिटं न हलवता ठेवून बघा. वर पाणी आणि तळाशी डाळ असे दोन थर दिसले तर १५० ग्रॅमच्या त्या वाटीत १३ नाही, ५-६ ग्रॅम प्रथिनं आहेत. दोन वेळा अशी वाटी घेऊन "आमच्याकडे रोज डाळ असते" म्हटलं, तरी हिशेबात दहा-बाराच ग्रॅम पडतात.

त्यावर सोपा उपाय असा की डाळ कोरडीच मोजायची. माणशी दिवसाला ११०-१२० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य भांड्यात पडलं की पुढे पातळ करा की घट्ट, पोटात जाणारी प्रथिनं तेवढीच राहतात. फक्त पातळ केलेली सगळी संपायला हवी.

मोजपट्टी

वरच्या उदाहरणासाठी एक दिवस मांडून दाखवतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

धान्य कोरडं २०० ग्रॅम, त्यातलं निम्मं तरी अख्खं, कोंड्यासकट. शिजलेली घट्ट डाळ किंवा कडधान्य ३०० ग्रॅम. दूध-दही मिळून ४०० मिली. दाणे किंवा सुका मेवा ३० ग्रॅम, म्हणजे एक मूठ. भाज्या ३०० ग्रॅम, फळ दीड-दोनशे ग्रॅम. तेल-तूप सगळं धरून २५ ग्रॅम.

ऊर्जा येते १९०० किलोकॅलरीच्या आसपास. प्रथिनं डाळीतून २७, धान्यातून १८-२०, दुधातून १३, दाण्यांतून ६-७, म्हणजे साधारण ६५ ग्रॅम. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत मिथिओनिन कमी असतं; दोन्ही खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते. ती एकाच घासात एकत्र यायला हवीत असं नाही, दिवसभरात आली तरी चालतं. चोथा ४० ग्रॅमच्या पुढे जातो, जागतिक आरोग्य संघटना किमान २५ ग्रॅम सांगते.

भाज्या आणि फळं मिळून किमान ४०० ग्रॅम हीसुद्धा त्याच संघटनेची शिफारस. या ४०० ग्रॅममध्ये बटाटा, रताळं आणि इतर पिठूळ कंद धरत नाहीत. बटाट्याची भाजी खाल्ली तर ती धान्याच्या खात्यात टाका आणि त्या वेळचं धान्य तेवढं कमी करा.

कोरा कागद

आकडे बरोबर आहेत, पण रोज तराजू घेऊन बसणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात कंटाळतो आणि सगळंच सोडतो. मोजणं तीन-चार दिवसांपुरतं ठेवा, त्यात एक सुट्टीचा दिवस नक्की घ्या. आपल्या घरची वाटी किती मिलीची, आपला चमचा किती तेलाचा, पळीभर डाळ म्हणजे किती ग्रॅम, एवढं डोळ्यांत बसलं की काटा कपाटात ठेवा.

त्यानंतर ताटाकडे बघून ठरवता येतं. अर्धं ताट भाज्या आणि फळं, त्यात भाज्या जास्त. पाव ताट धान्य, पाव ताट प्रथिनांचा पदार्थ. अमेरिकेत १९९२ पासून लोकांना पिरॅमिडचं चित्र दाखवत होते. २०११ मध्ये तिथल्या सरकारनेच ते काढून ताटाचं चित्र आणलं, कारण जेवताना समोर ताट असतं. बहुतेक घरांत हे प्रमाण उलटं झालेलं दिसतं. निम्म्याहून जास्त ताट धान्याने भरलेलं आणि भाजी कडेला दोन चमचे. तिथे आणखी एक भाजी रांधायची गरज नसते, आहे तीच भाजी दुप्पट वाढा आणि धान्य एक घर मागे घ्या.

आणि हिशेब एका जेवणाचा करू नका, आठवड्याचा करा. एखाद्या दिवशी फळ राहिलं, भाजी कमी पडली तर काही बिघडत नाही. सातपैकी पाच दिवस तेच होत असेल तर मात्र ती सवय आहे. आठवडाभरात हिरव्या पालेभाज्या, नारिंगी-पिवळ्या भाज्या, दोन-तीन प्रकारची कडधान्यं आणि निदान तीन वेगळी फळं येऊन गेली पाहिजेत. महिनोन् महिने त्याच दोन भाज्या फिरत राहिल्या तर वजनाचा आकडा जुळतो, पण सूक्ष्म पोषकद्रव्यांची तीच तीच उणीव रोज साठत जाते.

गवतफुल

कोरड्या-शिजलेल्या डाळीतला फरक कधी लक्षातच आला नव्हता, धन्यवाद.

दोन शंका. मोजपट्टींच्या दिवसात लोह किती येतं? आणि वजन उतरवायचं म्हणून तेल पूर्ण बंद केलं तर फायदा होतो की तोटा?

नीरक्षीर

लोहाचं मी घेते.

त्या दिवसात साधारण १७ मिलिग्रॅम लोह आहे, त्यातलं दहाएक मिलिग्रॅम डाळीतून. पाळी सुरू असलेल्या स्त्रीसाठी अमेरिकेची शिफारस १८ मिलिग्रॅम आहे, तेव्हा कागदावर जवळजवळ जुळलं. पण वनस्पतीतलं लोह मांसातल्या लोहाइतकं शोषलं जात नाही, म्हणून तीच शिफारस शाकाहारी माणसासाठी १.८ पट धरायला सांगते, म्हणजे ३२ मिलिग्रॅमच्या आसपास. नुसतं खाणं वाढवून तिथे पोचणं अवघड आहे. जे खातो त्यातलं जास्त शोषलं जाईल हे बघणं त्यामानाने सोपं.

धान्य-कडधान्यांत फायटेट असतं, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं. कडधान्य रात्रभर भिजवून पाणी टाकून दिलं, मोड आणले, पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं. दुसरं म्हणजे त्याच जेवणात क जीवनसत्त्व हवं: अर्धं लिंबू, टोमॅटो, पेरू, संत्रं, कच्ची सिमला मिरची, यातलं काहीही. लिंबू उकळत्या डाळीत पिळू नका. उष्णतेने क जीवनसत्त्व नाश पावतं, तेव्हा ताटात वाढल्यावर पिळा. तिसरं, चहा-कॉफी जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या नको, एक तासाचं अंतर ठेवा. त्यातली पॉलिफेनॉल लोहाला बांधून टाकतात. या तीन गोष्टींपैकी चहाची वेळ बदलायला काही खर्च येत नाही आणि नेमकी तीच कुणी बदलत नाही.

सतत थकवा किंवा दम लागत असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडाही, तपासायला सांगा. साठा रिकामा होत आला तरी हिमोग्लोबिन बरेच दिवस ठीक दिसतं. निरोगी प्रौढात फेरिटिन लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर साठा संपलेला समजतात. अंगात ताप किंवा सूज असेल तर हाच आकडा खोटा चढलेला दिसतो, म्हणून आजारपणात केलेल्या तपासणीवर विसंबू नका.

आता त्या दिवसात खरंच कमी पडणाऱ्या गोष्टी. कॅल्शियम ७५०-८०० मिलिग्रॅमच्या आसपास येतं, हवं १०००. दूध-दही आणखी दीडशे-दोनशे मिली वाढवलं की भरतं. पालकातून भरून काढायचा विचार करू नका. पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेट ते पकडून ठेवतं आणि जेमतेम ५ टक्के शोषलं जातं. दुधातलं साधारण ३० टक्के. कोबी, ब्रोकोली यांच्यात ऑक्झलेट कमी असल्याने त्यांतलं चांगलं शोषलं जातं, फक्त प्रमाण कमी असतं.

बी-१२ प्रौढाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम लागतं. ४०० मिली दुधातून पावणेदोनपर्यंत मिळतं आणि उकळताना त्यातलं थोडं जातं. दूधही न घेणाऱ्यांना ते बाहेरून घ्यावंच लागतं, गोळीतून किंवा मुद्दाम बी-१२ मिसळलेल्या पदार्थातून. वनस्पतीजन्य पदार्थांत भरवशाचा स्रोत नाही. यकृतात साठा असल्याने दूध-अंडी-मांस सोडल्यावर काही वर्षं काहीच जाणवत नाही, आणि म्हणूनच हे धोक्याचं आहे. फॉलिक आम्लाच्या भरपूर गोळ्या चालू असतील तर रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालूच राहतं. हातापायाला मुंग्या येणं, तोल जाणं असं काही असेल तर आधी बी-१२ तपासा.

ड जीवनसत्त्व खाण्यातून फार थोडं मिळतं, ते मुख्यतः त्वचेवर ऊन पडून तयार होतं. खिडकीच्या काचेआडून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. आयोडीनसाठी मीठ आयोडीनयुक्त आहे का, एवढं पाकिटावर बघा.

मोजपट्टी

तेलाचं सांगतो. पूर्ण बंद करू नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळतात. किसलेलं गाजर अगदी कोरडं खाल्लं तर त्यातल्या कॅरोटीनचा (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) फारच थोडा भाग शोषला जातो. काही मेदाम्लं तर शरीराला बनवताच येत नाहीत.

पण मर्यादा हवी, कारण ग्रॅममागे तेलात ९ किलोकॅलरी आहेत आणि पिष्ट किंवा प्रथिनांत ४. एकूण ऊर्जेच्या ३० टक्के चरबी धरली तर १८६० मधून ६२ ग्रॅम. त्यातली काही दुधात आणि दाण्यांत आधीच आहे, वरून घालायला २५ ग्रॅम उरतात, म्हणजे २७ मिली. ५ मिलीचे सपाट साडेपाच चमचे. संपृक्त चरबी एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवायची असते, या उदाहरणात २० ग्रॅम. तूप, लोणी, साय, खोबरेल आणि पाम तेल या खात्यात जास्त भर टाकतात.

रोज चमचे मोजायचे नसतील तर बाटली उघडली की तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला सव्वातीन लिटर तेल-तूप पुरायला हवं. पाच लिटर संपत असेल तर भांडं कुठे गळतंय ते कळलं.

मिठालाही हीच युक्ती. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात बाहेरच्या पदार्थांतलं मीठसुद्धा आलं. चार जणांत एक किलोचं पाकीट किमान ५० दिवस चाललं पाहिजे. पाव, चीज, सॉस, लोणची, खारवलेले दाणे, तयार सूप यांतलं मीठ या पाकिटातून जात नाही, म्हणून असे पदार्थ रोज असतील तर पाकीट त्याहून जास्त दिवस टिकायला हवं.

शब्दकळा

पाकिटांवरून आठवलं, सोडियम आणि मीठ यांत गल्लत होते. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. मीठ काढायला त्याला अडीचने गुणा. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. असा ५० ग्रॅमचा पुडा संपवला की दिवसाच्या मिठातलं पाचवा हिस्सा मीठ गेलं.

नेहमी १०० ग्रॅमचा रकाना वाचा. "एका वाढणीमागे" हा रकाना फसवा असतो, कारण वाढणी किती ग्रॅमची ते उत्पादक ठरवतो आणि ती पुड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही असू शकते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. "बहुधान्य" लिहिलेल्या पाकिटावर पहिला घटक मैदा असेल तर तो मैद्याचाच पदार्थ आहे. साखर तीन-चार नावांनी विखुरलेली सापडते: ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, फळांच्या रसाचा अर्क. प्रत्येकाचं वजन थोडं असल्याने ती यादीत खाली जातात, बेरीज केली तर पहिल्या दोनांत आली असती. यातलं माल्टोडेक्स्ट्रिन कायद्याने साखरेत धरत नाहीत, पण रक्तात ते साखरेइतक्याच वेगाने उतरतं.

मुक्त साखर, म्हणजे मुख्यतः वरून घातलेली साखर, एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली. या उदाहरणात ४६ ग्रॅम आणि २३ ग्रॅम. चहाचा चमचा ४ ग्रॅमचा, म्हणजे साडेअकरा आणि पावणेसहा चमचे. मध आणि फळांचा रस मुक्त साखरेतच मोडतात. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर त्यात धरत नाहीत. २०० मिली संत्र्याच्या रसात १८ ग्रॅमच्या आसपास साखर असते. तीच संत्री सोलून खाल्ली तर चोथा मिळतो, चावायला वेळ लागतो आणि दोनाच्या वर सहसा जातही नाहीत.

गवतफुल

शेवटचं विचारते. अख्खं धान्य आणि कडधान्यं एकदम वाढवली की पोट फुगतं, गुबारा धरतो, म्हणून लोक चार दिवसांत सोडून देतात. चोथा वाढवायचा कसा?

नीरक्षीर

एकदम १५ वरून ४० ग्रॅमवर गेलं की होणारच. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो चोथा आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. त्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो. आठवड्याला ५ ग्रॅमने वाढवा. पहिल्या आठवड्यात फळ सालीसकट खा, दुसऱ्यात एका वेळचं धान्य कोंड्यासकटचं घ्या, तिसऱ्यात कडधान्य अर्धी वाटी वाढवा. कडधान्य भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात, बोटाने दाबल्यावर पूर्ण चुरडेल इतकं शिजवा. वायू करणाऱ्या शर्करा बऱ्याच अंशी त्या पाण्यात उतरलेल्या असतात. पाणीही त्याबरोबर वाढवायला हवं, नाहीतर चोथ्याने बद्धकोष्ठ कमी होण्याऐवजी वाढतं. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतकं पाणी पुरेसं.

वरून चमचे-चमचे नुसता कोंडा खाऊ नका. त्यातलं फायटेट लोह-जस्त अडवतं, आणि मघाशी लिंबू पिळून मिळवलेलं तिथे जातं. कोंडा धान्यालाच चिकटलेला बरा. जावामध्ये १८९० च्या दशकात आइकमन यांना दिसलं की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा परत दिला की त्या बऱ्या होतात. धान्याबरोबर काय फेकलं जात होतं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, ते पुढे कळलं. आइकमन यांना १९२९ चं नोबेल मिळालं ते यासाठीच.

एक महत्त्वाचं. इथले सगळे आकडे निरोगी प्रौढासाठी आहेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं, पोटॅशियम आणि डाळी-फळांचं प्रमाण डॉक्टर ठरवतील, आणि "कमी सोडियमचं मीठ" तर विचारल्याशिवाय घेऊच नका, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबरही तेच. वॉरफेरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी चालू असेल तर पालेभाज्या बंद करायच्या नाहीत आणि अचानक दुप्पटही करायच्या नाहीत. रोज साधारण तेवढ्याच ठेवायच्या, कारण गोळीचा डोस त्यातल्या के जीवनसत्त्वाशी जुळवलेला असतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना धान्य एकदम कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, तेव्हा आधी डोस बदलून घ्या आणि मग ताट बदला. दोन वर्षांखालच्या मुलांना चरबीची ही मर्यादा लावू नका.